रायडिंग मोवर सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

अमेरिका, कॅनडासारख्या देशांत मोठ्या अंगणातले गवत कापायला बसून चालवायचे यंत्र वापरतात. त्याला रायडिंग मोवर म्हणतात. थंडीत ते कित्येक महिने गॅरेजमध्ये उभे असते आणि वसंतात चावी फिरवली की सुरूच होत नाही. अशा वेळी बहुतेकदा इंजिन बिघडलेले नसते. बॅटरी, जुने पेट्रोल किंवा एखादा सुरक्षा स्विच, यांपैकी कारण असते. नेमके कुठे पाहायचे, हे चावी फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून ठरवता येते.

काम सुरू करण्यापूर्वी

यंत्र सपाट जागी उभे करावे, हँडब्रेक लावावा. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर चावी काढून स्पार्क प्लगची वायरही काढावी. पेट्रोल किंवा बॅटरीजवळ काडी, सिगारेट नको.

१. काहीच आवाज नाही

आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले आहे का? पाती फिरवण्याचा स्विच बंद आहे का? चालक सीटवर नीट बसला आहे का? या अटी पूर्ण झाल्याशिवाय बहुतेक मोवर सुरू होत नाहीत. त्यानंतर फ्यूज आणि बॅटरीच्या वायरी तपासाव्यात. टर्मिनलवर पांढरट किंवा हिरवट थर असेल तर वायरी काढून ब्रशने साफ करावा. काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना शेवटी निगेटिव्ह, हा क्रम पाळावा.

२. फक्त ‘टक’ किंवा ‘टकटक’

पहिला संशय बॅटरीवर. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची चांगली चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आकडा असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. पूर्ण चार्ज करूनही नुसती ‘टक’ येत असेल, तर सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा स्विच, किंवा स्टार्टर तपासावा लागतो.

३. इंजिन फिरते, पण पेटत नाही

इथे बॅटरी ठीक असते. प्रश्न पेट्रोल, हवा किंवा ठिणगीचा असतो.

पेट्रोल: साठवलेले पेट्रोल महिन्याभरातही खराब होऊ लागते. इथेनॉल असेल तर ते ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, तेही पाहावे.

हवा: एअर फिल्टर उघडावा. थंडीत उंदीर तिथे घरटे करतात, वायरीही कुरतडतात.

ठिणगी: स्पार्क प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. ओला प्लग पुसून, थोडा वेळ थांबून, चोक न लावता पुन्हा प्रयत्न करावा. प्लग काळाकुट्ट किंवा झिजलेला असेल तर बदलावा.

ही चूक करू नये

सीटचा स्विच ‘त्रास देतो’ म्हणून काही जण त्याच्या वायरी थेट जोडून टाकतात. यंत्र सुरू होते, पण चालक पडला किंवा उतरला तरी पाती फिरतच राहतात. हा स्विच त्यासाठीच बसवलेला असतो. खराब झाला असेल तर नवा बसवावा. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइड जोडून इंजिन सुरू करणेही तितकेच धोक्याचे, कारण त्यात इंजिन सुरू होण्यापासून रोखणारे सुरक्षा स्विच टाळले जातात.

एवढे करूनही यंत्र पेटले नाही, तर कार्ब्युरेटरची सफाई आणि कॉम्प्रेशनची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी.

पुढच्या वर्षासाठी

थंडीपूर्वी ताज्या पेट्रोलमध्ये फ्यूल स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. बॅटरी काढून घरात ठेवावी आणि अधूनमधून चार्ज करावी. पेट्रोलच्या कॅनवर भरल्याची तारीख लिहिली, तर वसंतात अंदाज करत बसावे लागत नाही.