तळटीप : ‘ठसे एकाच बिबट्याचे होते’

चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात २०१७ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आणि ९ डिसेंबरला वरखेडे शिवारात एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. हल्ल्यांच्या जागचे ठसे एकाच बिबट्याचे होते, हे लेखकाचं विधान मात्र तसंच स्वीकारता येत नाही. नुकतंच पाणी दिलेल्या कपाशीच्या काळ्या जमिनीत पंजा रुततो, बोटं फाकतात, ठसा थोराड दिसतो. तेच जनावर बांधावरच्या पातळ धुळीतून गेलं की ठसा लहान आणि रेखीव उमटतो. शिवाय चालताना मागचा पाय बरेचदा पुढच्याच्या ठशावरच पडतो आणि कडा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे एका बिबट्याचे दोन भासतात, सारख्या वयाच्या दोन माद्यांची एक. राजस्थानातल्या सरिस्कात ठशांच्या मोजणीने वाघ कागदावर जिवंत राहिले. २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं.

एखादं बोट तुटलेलं असेल तर जाणता माणूस जनावर नेमकं ओळखतो, हे खरं. पण तशी खूण आधी नोंदलेली हवी. बिबट्या मारल्यावर हल्ले थांबले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी तो नंतरचा पुरावा आहे, आणि पिकं निघाल्यावर, माणसांची वर्दळ वाढल्यावर दुसरा बिबट्याही शिवार सोडून जाऊ शकतो. खरा मारेकरीच मारला गेला का, हे कळण्याचा गेलेल्यांच्या घरच्यांना हक्क आहे, आणि त्यासाठी जखमेवरच्या लाळेतला डीएनए मारलेल्या जनावराशी जुळवून पाहावा लागतो.