एक्स-११ ते वेलँड स्थित्यंतर

लिनक्स संगणकाच्या पडद्यावर विंडो दाखवणे आणि कळफलक व माऊसच्या सूचना योग्य प्रोग्रॅमकडे पोचवणे हे प्रदर्शन प्रणालीचे काम. तीन दशके ते एक्स-११ ने सांभाळले. आता तिथे वेलँड येत आहे.

इतिहास : एक्स प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत सुरू झाली; तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ मध्ये आली. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडची सुरुवात केली आणि २०१२ मध्ये १.० आवृत्ती निघाली. फेडोरा २५ या लिनक्स वितरणाने (२०१६) आपल्या मुख्य आवृत्तीत वेलँड प्रथमपसंतीचे केले, तर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून (२०२५) एक्स-११ चालवणारा एक्स सर्व्हर वगळण्यात आला.

रचना : एक्स-११ मध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात टंकलेला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, वाचता येतो. वेलँडमध्ये सर्व विंडो पडद्यावर एकत्र मांडणारा कंपोझिटर हाच मध्यस्थ असतो आणि कळ दाबल्याची वर्दी तो फक्त चालू विंडोला देतो. पडदा इतरांना दाखवायचा तर वापरणाऱ्याची परवानगी लागते. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड या दुव्यावरून चालतात. मात्र त्यांना एकमेकांचे व्यवहार पूर्वीसारखेच दिसू शकतात.

मराठी टंकलेखन : कळफलकाचा साधा आराखडा म्हणून निवडलेले इनस्क्रिप्ट दोन्हीकडे चालते. उच्चारानुसारी टंकलेखनाला सहसा आयबससारखी निविष्टी पद्धत लागते. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये आयबस अंगभूत आहे. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये मात्र सेटिंगमधल्या आभासी कळफलकाच्या यादीतून ‘आयबस वेलँड’ निवडावे लागते. हे राहून गेले तर काही प्रोग्रॅममध्ये मराठी उमटत नाही आणि दोष नव्या प्रणालीच्या माथी येतो. म्हणून जोडाक्षरांसह मराठी मजकूर टंकून पाहणे ही स्थित्यंतराची पहिली चाचणी मानावी.

औद्योगिक वापर : महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांसारख्या, तिन्ही पाळ्यांत काम चालणाऱ्या ठिकाणी लिनक्सचे संगणक असतील, तर बदल टप्प्याटप्प्याने करणे इष्ट. एक्स-११ मध्ये एका यंत्रावरील प्रोग्रॅमची विंडो नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर उघडता येते. वेलँडमध्ये ही सोय अंगभूत नाही. दूरस्थ वापरासाठी आरडीपीसारखा वेगळा मार्ग योजावा लागतो. माऊस-कळफलक आपोआप चालवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टही बंद पडू शकतात. आधी कार्यालयातील एखाद्या संगणकावर छपाई, मराठी टंकलेखन, दूरस्थ जोडणी आणि दोन पडद्यांची मांडणी तपासावी. प्रयोगशाळा व उत्पादन विभागातील यंत्रे वार्षिक शटडाऊनमध्ये घ्यावीत. अनेक वितरणांत लॉगिनच्या वेळी एक्स-११ व वेलँड यांपैकी एक सत्र निवडता येते. ही सोय आहे तोवर अडचण आल्यास परतणे सोपे असते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये एक्स सर्व्हर असून त्या आवृत्तीची देखभाल २०३२ पर्यंत चालेल. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या विभागांना घाई न करता पर्याय शोधण्याइतकी मुदत मिळते.