भ्रंश

संस्कृतातील ‘भ्रंश्’ या धातूचा मूळ अर्थ निसटणे, स्थानावरून ढळणे असा असून बुद्धिभ्रंश, अपभ्रंश या शब्दांनी तो आपल्या परिचयाचा आहे. भूशास्त्राने खडकांच्या स्थानच्युतीसाठी हाच शब्द पत्करला, तेव्हा व्याकरणकारांनी बिघडलेल्या उच्चारांवर ठेवलेला ठपका मात्र त्यातून गळून पडला, आणि ते योग्यच झाले. खडकावर ताण साचत जातो, फटीच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींस धरून राहतात आणि ती पकड सुटली की साचलेली ऊर्जा कंपरूपाने बाहेर पडते.

डहाणू व तलासरी तालुक्यांत, किनाऱ्यापासून पूर्वेस, धुंदलवाडी-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून ही पकड जणू हप्त्याहप्त्याने सुटू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका धक्क्याची तीव्रता ४ च्या वर गेली आणि माणसे घरे सोडून तंबूंत निजू लागली. कारवीचा कूड अशा वेळी लवतो. विटांची भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी तडकते, म्हणून पंचनाम्याची पाळी बहुधा पक्क्या घरावरच!

इथल्या खडकांत हा ताण येतो कुठून? सह्याद्री हा हिमालयासारखा घडीचा पर्वत नव्हे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे ते थर होत. तथापि ज्या रेट्याने भारतीय भूपट्ट आशियावर आदळून हिमालय उंचावतो, त्याचाच ताण द्वीपकल्पाच्या पोटातही पोहोचतो, आणि जुन्या भ्रंशांवर त्याचा अंमल अद्याप चालू आहे.