आगुंगचा मुहूर्त

लग्नपत्रिकेत ‘शालिवाहन शके’ असं लिहून पुढे एक आकडा असतो. पत्रिका हातात घेणारा माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो थेट खाली जाऊन जेवण किती वाजता आणि हॉल कुठला ते शोधतो. तर हाच शक, अगदी आकड्यासकट, विषुववृत्तापलीकडच्या एका बेटावर आजही रोजच्या व्यवहारात आहे. २०१७ साली २८ मार्चला आपल्याकडे गुढ्या उभ्या राहिल्या आणि शके १९३९ लागलं. त्याच दिवशी बालीतही शके १९३९ लागलं. दरवर्षी इतकं तंतोतंत जुळतंच असं नाही, कधी एखादा दिवस, तर कधी महिनाभरही इकडेतिकडे होतं. पण शक तोच.

साजरा करण्याची तऱ्हा मात्र अगदी उलटी. त्यांच्या पाडव्याला ‘न्येपी’ म्हणतात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. श्रीखंड नाही, शोभायात्रा नाही, काही नाही. रस्त्यावर फक्त गावचे राखणदार फिरतात आणि चुकून बाहेर आलेल्या पर्यटकाला नम्रपणे हॉटेलात परत पाठवतात. आणि सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बेटाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद! २०१८ पासून त्या दिवशी मोबाईलचं इंटरनेटही बंद ठेवू लागले. पंचांग बघून विमानतळ बंद करणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

हे आधी सांगितलं, कारण तोच विमानतळ नोव्हेंबर २०१७ मध्ये पंचांगात नसताना जवळजवळ अडीच दिवस बंद पडला, आणि तेव्हा आम्ही दोघं त्या बेटावर होतो. आमच्या घराण्यात ही गोष्ट आता ‘ते दोघं ज्वालामुखीतून पळून आले’ या नावाने प्रसिद्ध आहे. प्रत्येक लग्नात ती नव्याने सांगितली जाते आणि दर वेळी लाव्हा आमच्या थोडा जवळ येतो. (मावशी, तुझ्या आवृत्तीत तो हॉटेलच्या पायऱ्यांपर्यंत आला आहे!) आमच्या अंगावर राखेचा कणसुद्धा पडला नाही. जे खरं घडलं ते आमच्याआधी चोपन्न वर्षांपूर्वी, आणि ते कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आमचं आधी थोडक्यात आटपतो. नऊ दिवसांचा बेत होता. क्वालालंपूरमार्गे बाली, चार दिवस उबुडमध्ये भातखाचरं आणि देवळं, आणि मग लोंबोकजवळच्या गिली बेटांवर काहीही न करणं. आगुंग पर्वत जागा होतोय हे जाण्याआधी वाचलं होतं. सप्टेंबरमध्ये त्याच्या पोटात दिवसाला शेकड्यांनी लहान भूकंप मोजले जात होते. २२ सप्टेंबरला धोक्याची सर्वांत वरची, चौथी पातळी जाहीर झाली आणि लाखाहून जास्त माणसं घरं सोडून छावण्यांत गेली. पण पुढे महिनाभर काहीच झालं नाही. २९ ऑक्टोबरला पातळी तीनवर आणली आणि आम्ही बेत कायम ठेवला.

२१ नोव्हेंबरला डोंगराने वाफ आणि राख सोडली, आणि २५-२६ला खरी सुरुवात झाली. २६ला लोंबोकचा विमानतळ काही काळ बंद होता. २७ला सकाळी पुन्हा चौथी पातळी, आणि बालीचा ङुराह राय विमानतळ बंद. त्या एका दिवसात ४४५ उड्डाणं रद्द झाली आणि सुमारे ५९ हजार प्रवासी अडकले. त्या ५९ हजारांत आम्ही दोन. गिली बेटांचा विषय तिथेच संपला. बायको शांतपणे म्हणाली, “काहीही न करायचं होतं ना? कर आता.”

उबुडहून डोंगर तीस-पस्तीस किलोमीटर, विमानतळ तर साठेक. हवा स्वच्छ, ऊन पडलेलं. विमानतळावर राख पडते का ते बघायला कोरे कागद उघड्यावर मांडून ठेवत होते, अशी बातमी होती. आपल्याकडे गच्चीवर पापड वाळत घालतात तसे. कागद कोरेच्या कोरे, तरी विमानतळ बंद. लॉबीत सगळ्यांची कुरकुर चालली होती की मग अडचण काय आहे?

अडचण वर, आकाशात होती. २४ जून १९८२च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट क्वालालंपूरहून पर्थला निघालं होतं. मूळचं लंडनहून ऑकलंडला जाणारं, वाटेत आपल्या मुंबईतही उतरून गेलेलं. जावावरून जाताना ३७ हजार फुटांवर त्याच्या काचांवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये धूर आला, आणि एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. आत २६३ माणसं. खाली गालुंगगुंग ज्वालामुखी राख ओकत होता, आणि विमानाच्या रडारवर काही दिसत नव्हतं, कारण ते रडार ढगातलं पाणी बघतं, कोरडी राख नाही. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, दगडाची आणि काचेची पूड. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या पात्यांवर चिकटून बसते, इंजिनाचा श्वास कोंडतो. विमान तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडलं, इंजिनं थंड झाली, चिकटलेली काच तडकून निघाली, आणि बारा-तेरा हजार फुटांच्या आसपास इंजिनं पुन्हा धरली. समोरची काच राखेने घासून दुधी झाली होती. कॅप्टन एरिक मूडी यांनी तशातच जकार्ताला विमान उतरवलं. सगळे वाचले.

पुढे नव्वदच्या दशकात राखेवर नजर ठेवणारी केंद्रं जगभर उभी राहिली. इंडोनेशियाचं आकाश बघतं ऑस्ट्रेलियातलं डार्विन. २०१०च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या त्या उच्चारता न येणाऱ्या ज्वालामुखीने निम्मा युरोप जमिनीवर बसवला, तो याच धड्यामुळे. आमच्या वेळी जावाच्या दक्षिणेला एक चक्रीवादळही फिरत होतं. नाव ‘चेंपाका’, म्हणजे आपला चंपक, चाफा. त्या दिवसांत वारा राख नैऋत्येकडे, म्हणजे विमानतळाच्या दिशेने ढकलत होता.

१९६३चा विषय निघाला आमच्या ड्रायव्हरमुळे. तो आगुंगच्या पायथ्याच्या जिल्ह्यातला, करंगासेमचा. त्याच्या घरच्यांनी सप्टेंबरातच गाव सोडलं होतं. गायी छावणीत कुठे न्यायच्या म्हणून पडेल त्या भावात विकल्या, आणि त्यानंतर दोन महिने डोंगर गप्प बसला. मी म्हटलं, मग राग येत असेल सरकारचा. तो म्हणाला, “सर, माझे वडील १९६३चे आहेत.” जन्म त्या वर्षीचा, असं त्याला म्हणायचं नव्हतं. त्या वर्षातून वाचलेले, असं म्हणायचं होतं.

बालीत आगुंग म्हणजे नुसता डोंगर नाही. तीन हजार मीटरहून उंच, बेटावरचा सर्वांत उंच, मेरू पर्वताचा तुकडा आणि देवांचं घर. झोपताना डोकं त्याच्या दिशेला करतात. त्याच्या उतारावर बेसाकी हे बेटाचं मुख्य देवस्थान आहे. नावात आपला वासुकी आहे. तिथे शतकातून एकदा करायचा महाविधी म्हणजे ‘एकादश रुद्र’. एकादशनी ऐकलेल्या मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. आठ दिशा, मध्य, वर आणि खाली अशा अकरा दिशांच्या रुद्रांना शांत करायचं आणि विश्वाचा तोल सावरायचा. मुहूर्त असतो शकाचं शतक संपताना.

मधली कित्येक वर्षं हा विधी झालेला नव्हता. महायुद्ध, जपानी अंमल, स्वातंत्र्याची लढाई, सगळं बेटाने भोगलेलं. तेव्हा तोल सावरायचा तर आता सावरू या, असं ठरलं, आणि १९६३चं साल धरलं. म्हणजे शके १८८४. शतक संपायला अजून सोळा वर्षं बाकी होती.

विधीची तयारी चालू असताना, १८ फेब्रुवारीला, शंभराहून अधिक वर्षं शांत असलेल्या आगुंगने धूर सोडला. थांबावं की पुढे जावं? पुढे गेले. ८ मार्चला मुख्य विधी झाला. बरोबर नऊ दिवसांनी, १७ मार्चला, डोंगर फुटला.

लाव्हा सावकाश येतो, त्याच्यापुढून माणूस चालतही जाऊ शकतो. माणसं मेली ती तापलेल्या वायूच्या आणि राखेच्या लोंढ्यांनी. ते उतारावरून गाडीपेक्षा वेगाने येतात. आणि नंतर पावसाने राखेचा चिखल होऊन नद्यांतून खाली आला, त्याने. काही गावांत लोक पळाले नाहीत. देव डोंगरावरून उतरताहेत असं समजून ते वाद्यं वाजवत सामोरे गेले, असं त्या काळच्या हकिगतींत आहे. मे महिन्यात आणखी एक मोठा उद्रेक झाला, आणि सगळं थांबेपर्यंत १९६४चा जानेवारी उजाडला. हजाराहून अधिक माणसं गेली, काही हिशेबांत दीड हजारांच्या आसपास. शेतं गाडली गेली, दुष्काळ पडला. हजारो कुटुंबं सुमात्रा आणि सुलावेसीत नेऊन वसवली. इतकं गंधक वर गेलं की पृथ्वीचं तापमान काही दशांश अंशांनी उतरलं. आणि बेट सावरतंय न सावरतंय तोवर १९६५-६६चं राजकीय हत्याकांड आलं. त्यात एकट्या बालीत ऐंशी हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, असा अंदाज मांडला जातो. समुद्रकिनाऱ्यांच्या माहितीपुस्तकांत हे सहसा नसतं.

बेसाकी मात्र वाचलं. लोंढे देवळापासून थोड्या अंतरावरून निघून गेले. त्यामुळे बालीत दोन अर्थ आजही शेजारीशेजारी नांदतात. काही म्हणतात, मुहूर्त चुकला म्हणून देव कोपले. काही म्हणतात, देवांनी ताकद दाखवली आणि देऊळ राखलं. मला विचाराल तर मुहूर्ताची चर्चा करणाऱ्या लोकांकडे तेव्हा भूकंप मोजायची यंत्रं जवळपास नव्हती, हा त्या गोष्टीतला सगळ्यात दुःखाचा भाग आहे. २०१७ मध्ये ती होती. उतार माणसांनी आधीच रिकामा केलेला होता. उद्रेकाने थेट एकही माणूस मेला नाही. त्याची किंमत ड्रायव्हरच्या घरच्यांनी गायी विकून भरली, आम्ही गिली बेटांवर न जाऊन. या दोन किमतींची तुलना करू नये, पण बातम्यांत मोठा मथळा आमच्या किमतीला होता.

१९६३ मध्ये अडकायला पर्यटकच नव्हते म्हणा ना. लांब धावपट्टीचं काम तेव्हा सुरू होत होतं, आंतरराष्ट्रीय विमानतळ १९६९ मध्ये उघडला. सानूरचं पहिलं बडं हॉटेल १९६६चं, जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून बांधलेलं. २०१७ साली परदेशी पाहुणे आले ५७ लाखांच्या आसपास, आणि तेही आगुंगने शेवटचे दोन महिने वाया घालवल्यावर.

विमान कंपनी फोन उचलत नव्हती, आणि उचलला की वेगवेगळी तारीख सांगत होती. घरी आईचे दिवसाला सहा फोन. शेवटी २८ला आम्ही सुट्टी तिथेच गुंडाळली. बसने बेटाच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक, तिथून बससकट फेरीबोटीवर. सामुद्रधुनी इतकी अरुंद की पलीकडचं जावा सगळा वेळ समोर दिसतं, पण पोचायला तास जवळपास जातो. उतरल्यावर घड्याळ एक तास मागे करायचं. बोटीवर एका ऑस्ट्रेलियन आजींनी मला धीर दिला की आता ज्वालामुखी मागे पडला. मी त्यांना सांगितलं नाही की समोर दिसणाऱ्या डोंगरांच्या मागे राउंग आहे, आणि जुलै २०१५ मध्ये बालीचा हाच विमानतळ त्या राउंगच्या राखेने बंद पाडला होता. मग रात्रभर बस, पहाटे सुराबाया, आणि पुढे मिळेल त्या विमानाने मजल दरमजल घर. दमून बसलेल्या बायकोच्या मांडीवर उबुडहून घेतलेला लाकडी गणपती होता. मुंबईत कस्टमवाल्याने तो उघडून बघितला, हसला आणि जा म्हणाला. २९ला दुपारी विमानतळ उघडला, तेव्हा आम्ही वाटेतच होतो.

आगुंग २०१९च्या जूनपर्यंत अधूनमधून राख सोडत राहिला. आणि एकादश रुद्र? तो पुन्हा झाला, मार्च १९७९ मध्ये, शके १९०० संपताना, पंचांगाप्रमाणे. डोंगर गप्प राहिला. पुढचा मुहूर्त शके २००० संपताना, म्हणजे २०७९च्या मार्चमध्ये आहे. ड्रायव्हरला दोन मुलगे, धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. तो बघेल, असं तो म्हणाला होता.