रहस्यकथेतील स्त्री-शोधक आणि पडद्याआडचा पुरावा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात रहस्यकथेला जे स्थान मिळाले आहे ते तिच्या वाचकसंख्येच्या मानाने फारच थोडे आहे. बाबूराव अर्नाळकर यांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळात प्रसिद्ध झालेल्या १०९२ रहस्यकथांची गिनेस विक्रमपुस्तकाने नोंद घेतली. वाङ्मयाच्या इतिहासांतून मात्र त्यांची वासलात बहुधा एखाद्या परिच्छेदात लावली जाते. त्यांच्यामागून आलेले गुरुनाथ नाईक यांचीही तीच गत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जे वाचले गेले त्यातून वाचणाऱ्या समाजाविषयी काहीच निष्पन्न होत नाही, असे इतिहासाच्या अभ्यासकास म्हणता येणार नाही. प्रस्तुत निबंधात या विस्तीर्ण क्षेत्राच्या एका कोपऱ्याचाच विचार करावयाचा आहे. रहस्यकथेत शोध करणारी व्यक्ती स्त्री असली म्हणजे काय बदलते, आणि त्या बदलाचा प्रत्यक्ष इतिहासाशी संबंध कोणता, हा आपला प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे पनवेलच्या वाटेने जाणे सोयीचे होईल. पनवेल हे मूळचे प्रवाशांचे गाव. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला माणूस गलबताने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढे. घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर ही वाहतूक वाढली. परंतु १८६३ मध्ये लोहमार्गाने घाट ओलांडला आणि पुण्याचा उतारू पनवेलला न शिवता वर जाऊ लागला. पुढे मोटार आणि एस. टी. यांनी पनवेलला त्याचे जुने स्थान परत मिळवून दिले. पुणे, अलिबाग, महाड, रत्नागिरी अशा साऱ्या दिशांच्या गाड्या येथे थांबू लागल्या. रहस्यकथेचे छोटे, स्वस्त पुस्तक हे अशाच थांब्यांचे वाङ्मय होय. ते गाडीची वाट पाहताना उघडावे आणि गाव येईपर्यंत संपवावे. ज्यांना ते विकत घेणे परवडत नसे त्यांच्यासाठी गावातील वाचनालये होतीच, पनवेलचे के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय हे अशा संस्थांपैकीच एक.

या पुस्तकांतून वाचकाच्या मनात ठसलेले शोधक कोण? झुंझार, काळापहाड ही नावे आजही जुन्या वाचकांच्या ओठी आहेत. ही सारी पुरुषांची नावे आहेत. स्त्री येई ती संकटात सापडलेली कन्या म्हणून, फसविणारी मोहिनी म्हणून, किंवा झुंझारच्या विजयेप्रमाणे नायकाची सहधर्मचारिणी म्हणून. ती धाडसी असू शकेल. पण अनुमान काढण्याचा आणि अखेरीस सर्वांना एकत्र बोलावून उलगडा करण्याचा अधिकार सामान्यतः तिचा नसे. यात लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. शोधकास तीन गोष्टी लागतात: हवे तेथे जाण्याची मोकळीक, परक्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि आपल्या शब्दावर इतरांनी ठेवलेला विश्वास. ज्या समाजात स्त्रीला या तिन्ही गोष्टी अपवादानेच मिळत, त्या समाजातील वाचकास स्त्री-शोधक पटवून देणे सोपे नव्हते.

पाश्चात्त्य वाङ्मयात मात्र ही व्यक्तिरेखा आश्चर्य वाटावे इतकी लवकर अवतरली. १८६४ या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये स्त्री-शोधकाची आत्मकथने म्हणून रचलेली दोन पुस्तके निघाली; लंडनच्या पोलीस दलात स्त्रियांचा प्रवेश झाला तो १९१९ च्या सुमारास. म्हणजे येथे कल्पित वास्तवाच्या अर्धशतक पुढे होते. अमेरिकेत उलट घडले. शिकागोच्या पिंकर्टन संस्थेने १८५६ मध्ये केट वॉर्न या तरुण विधवेला नोकरीस ठेवले. पुरुषास ज्या घरांत आणि ज्या गोष्टींत शिरकाव नाही तेथे स्त्री सहज पोहोचते, हा तिचा युक्तिवाद होता. १८६१ मध्ये लिंकन यांच्या जिवावरील कटाची चाहूल लागली तेव्हा त्यांना गुप्तपणे वॉशिंग्टनला नेण्याच्या कामगिरीत ती आजारी भावाची बहीण बनून सामील झाली होती. पुढील काळात या परंपरेत अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल आली. १९७२ मध्ये पी. डी. जेम्स यांची कॉर्डेलिया ग्रे आणि १९८२ मध्ये स्यू ग्राफ्टन व सारा पॅरेट्स्की यांच्या व्यवसायाने खाजगी गुप्तहेर असलेल्या नायिका आल्या. १९९८ पासून अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी बोट्स्वानातील प्रेशस रामोट्स्वे हिची माला लिहिली. या साऱ्या मालिकांच्या मुळाशी केट वॉर्नचाच युक्तिवाद आहे. जेथे पुरुषास मज्जाव आहे तेथील पुरावा स्त्रीलाच मिळू शकतो.

हिंदुस्थानात या युक्तिवादाला कायद्याचे अधिष्ठान होते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तऐवजाविषयी ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी एक नियम रूढ केला होता. अशा दस्तावर जो आपला हक्क सांगतो त्यानेच हे सिद्ध करावयाचे की, त्या स्त्रीला मजकुराचा अर्थ नीट समजला होता आणि तिने स्वेच्छेने सही केली. नियम न्याय्य होता. पण पडद्याआड जाऊन तिला तो मजकूर समजावून सांगणार कोण? वकील पुरुष, कारकून पुरुष, न्यायाधीश पुरुष; आणि ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार असावयाची तो कारभारी वा दीरच पुष्कळदा तिचा दुभाषी. कायद्याने दार दाखविले होते. त्यातून आत जाणारी व्यक्ती मात्र त्याने निर्माण केली नव्हती.

ती उणीव ओळखून आपले आयुष्य तीत घालविणारी स्त्री महाराष्ट्रात जन्मली होती. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना पदवी देण्याची तेथे सोय नसल्यामुळे ती पदवी हाती पडण्यास १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला. १९०४ पासून त्यांनी कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कायदेविषयक सल्लागार म्हणून बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या प्रांतांतील पडदानशीन स्त्रियांचे काम पाहिले. सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांनी साहाय्य केले असा अंदाज दिला जातो. स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय सर्वत्र खुला करणारा कायदा १९२३ मध्ये झाला, तेव्हा त्यांची उमेदीची वर्षे सरली होती.

सुजाता मॅसी यांच्या इंग्रजी रहस्यमालेतील परवीन मिस्त्री ही नायिका या चरित्रावरून, तसेच मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री-बॅरिस्टर मिठन लाम यांच्या चरित्रावरून सुचलेली आहे. २०१८ मध्ये निघालेल्या पहिल्या कादंबरीचा काळ १९२१ चा आहे. परवीन वडिलांच्या मुंबईतील वकिली पेढीत काम करते. मलबार हिलवरील एका मुसलमान गृहस्थाच्या तीन विधवा आपला मेहेर सोडून देत असल्याचे पत्र तिच्या हाती येते. त्यावरील सह्या तिला संशयास्पद वाटतात आणि ती पडद्याआड जाते. म्हणजे कथेचे बीज हे दस्ताचे बीज आहे. वर सांगितलेला न्यायालयीन नियमच येथे कथानक होऊन बसला आहे. खून त्यानंतर होतो. परवीन ही रूढ अर्थाने धंदेवाईक गुप्तहेर नव्हे. परंतु अनुमानाचा व उलगड्याचा अधिकार येथे सर्वस्वी तिचा आहे, म्हणून आपल्या विवेचनात तिला स्थान दिले आहे.

दुसरी कादंबरी २०१९ मधील. तीत परवीन कोल्हापूर एजन्सीच्या सांगण्यावरून सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात जाते. अल्पवयीन राजाच्या शिक्षणावरून दोन विधवा राण्यांत पडलेला तंटा तिला पाहावयाचा असतो. ती आगगाडीने खंडाळ्यास उतरते आणि तेथून पालखीने पुढे जाते. पनवेलच्या वाचकास हा प्रवास अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. शंभर वर्षे आधीची स्त्री याच डोंगरात जावयास निघाली असती तर ती गलबताने पनवेलच्या धक्क्यावर उतरली असती आणि सोबतीवाचून निघालीच नसती. आगगाडीने पनवेलला बाजूस टाकले; त्याच आगगाडीने कुलीन स्त्रीच्या एकटीच्या प्रवासाला काहीशी प्रतिष्ठा दिली. वाहतुकीच्या इतिहासातील एका गावाची हानी आणि स्त्रीच्या इतिहासातील एक लाभ या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

तथापि, कादंबरी म्हणजे कागदपत्र नव्हे. सोराबजींचे कार्य सरकारी नोकरीतील होते, आणि जमीनदाऱ्यांचा सारा सुरळीत वसूल व्हावा यात त्या सरकारचा स्वार्थ होता. पडद्याआडच्या विधवेला मिळालेला आधार राजसत्तेच्या हातून मिळालेला होता. स्वतः सोराबजी राष्ट्रीय चळवळीच्या विरोधक राहिल्या. परवीनच्या मनात सत्ताधाऱ्यांविषयी जी साशंकता दिसते ती आजच्या वाचकास रुचणारी आहे. मूळ व्यक्तीत ती शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. दुसरा भेद याहून खोल आहे. रहस्यकथेच्या रचनेला एक गुन्हेगार लागतो. तो सापडला की घर शुद्ध होते. ज्या विधवेला स्वतःच्या हक्काचा कागद वाचता येत नव्हता तिच्या बाबतीत गुन्हेगार कोण ठरवावा? कारभारी दुष्ट असेल. परंतु तो सज्जन असता तरी कागद तिला वाचता आलाच नसता. कथा जेथे संपते तेथे इतिहासाचा प्रश्न सुरू होतो.

वर्तमानाकडे वळले तर हा धागा तुटलेला दिसत नाही. महाराष्ट्रातील स्त्री गुप्तहेर म्हणून प्रसिद्धीस आलेल्या रजनी पंडित यांनी एका खुनाच्या शोधासाठी संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून काही महिने राहिल्याचे सांगितले आहे. केट वॉर्न बहीण झाली, सोराबजी सल्लागार झाल्या, पंडित मोलकरीण झाल्या. घराच्या आत पोहोचण्याचा प्रश्न तोच राहिला. या व्यवसायाला शासकीय नियमनाची चौकट देण्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्यात परिणत झाले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या उदाहरणातून एक विचार सुचतो. गुप्तहेर स्त्रीने मोलकरणीचा वेष घ्यावा, कारण घरातील सारे मोलकरीण पाहत असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. मग जी खरोखरच मोलकरीण, दाई वा सुईण होती, तिने काय पाहिले होते? रहस्यमालेची नायिका ती कधी झाली नाही, आणि इतिहासाची साक्षीदारही क्वचितच झाली. तिची साक्ष असलीच तर खटल्यांच्या कागदांत, जबान्यांच्या मध्ये कोठेतरी, निशाणी अंगठ्यासह पडून असावयाची. सोराबजींना पडद्याआड जाण्यास अर्धे आयुष्य झगडावे लागले. ही स्त्री तेथे जन्मभर होती, परंतु तिला विचारावे असे कोणाला वाटले नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयास हात घालावयाचा तर दोन ठिकाणी शोध घेण्यासारखा आहे. पहिले ठिकाण म्हणजे जिल्हा न्यायालयांची दप्तरे. दुसरे, पनवेल, पेण, कर्जत यांसारख्या गावांतील वाचनालयांच्या दाखल-नोंदवह्या आणि देवघेवीच्या वह्या. रहस्यकथांची स्वस्त कागदावरील पुस्तके झिजून रद्दीत गेली आहेत व जात आहेत. वह्याही फार काळ टिकतील असे नाही. त्या वह्यांत एखाद्या स्त्री-सभासदाने झुंझारचे पुस्तक नेल्याची तारीख सापडली तर ती क्षुल्लक समजू नये. जिला शोधकाचे काम करण्यास समाजाची अनुज्ञा नव्हती ती निदान शोध कसा करतात हे दुपारच्या निवांत वेळी वाचीत होती, एवढे तरी त्यावरून सिद्ध होईल. आणि पुढील संशोधनाला तेवढा आरंभ पुरेसा आहे.