मोनार्क फुलपाखरू जीवावरण राखीव क्षेत्र

मोनार्क या स्थलांतर करणाऱ्या फुलपाखरांचे मेक्सिकोतील हिवाळी आश्रयस्थान. मध्य मेक्सिकोतील मिचोआकान आणि मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवरील डोंगराळ वनप्रदेशात, राजधानी मेक्सिको सिटीच्या पश्चिमेस सुमारे १०० किमी. अंतरावर ते आहे. क्षेत्रफळ ५६,२५९ हेक्टर. रॉकी पर्वताच्या पूर्वेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि दक्षिण कॅनडात वाढणारे बहुतेक मोनार्क हिवाळा काढायला याच भागातील मोजक्या डोंगरउतारांवर येतात. २००८ मध्ये यूनेस्कोने या क्षेत्राचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्याच वर्षी मेक्सिकोतील मूळ जमातींचा मृतांच्या स्मरणाचा सणही मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदला गेला. हा सण आणि फुलपाखरांचे आगमन दोन्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, आणि स्थानिकांच्या श्रद्धेत त्यांचे नाते जुळलेले आहे.

भूरचना व वने : मेक्सिकोच्या मध्यातून पूर्व-पश्चिम गेलेल्या ज्वालामुखी पर्वतरांगेचा हा भाग आहे. येथील उंच शिखरे समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरपर्यंत पोहोचतात. खालच्या उतारांवर पाइन आणि ओक यांची मिश्र वने आहेत. वर थंड व दमट हवेत ओयामेल या फर वृक्षाची दाट राने लागतात. ओयामेलचे शास्त्रीय नाव ॲबीस रिलिजिओसा. फुलपाखरांच्या वसाहती प्रामुख्याने २,९०० ते ३,३०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, बहुधा वाऱ्यापासून आडोसा असलेल्या दक्षिण व नैर्ऋत्य उतारांवर, ओढ्यांच्या जवळपास असतात. पावसाळा जून ते सप्टेंबर असतो. हिवाळा कोरडा असतो, पण रात्री तापमान शून्याजवळ उतरते आणि अधूनमधून वादळी पाऊस व हिमवृष्टीही होते. एल रोसारिओ, सिएरा चिंकुआ आणि सेरो पेलोन ही येथील प्रसिद्ध आश्रयस्थाने होत. आंगांगेओ हे चांदीच्या खाणींमुळे वसलेले जुने गाव पर्यटकांच्या मुक्कामाचे मुख्य ठिकाण आहे.

मोनार्कचे जीवनचक्र : मोनार्क (शास्त्रीय नाव डॅनॉस प्लेक्सिपस) हे नारिंगी पंखांवर काळ्या शिरा आणि काळ्या किनारीत पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू आहे. पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १० सेंमी. आणि वजन साधारण अर्धा ग्रॅम असते. मादी फक्त मिल्कवीड या चीक असलेल्या वनस्पतींवर अंडी घालते. भारतातील रुई याच कुळातली. रुईवर वाढणारे ‘प्लेन टायगर’ हे महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारे फुलपाखरू मोनार्कच्याच प्रजातीतले, म्हणजे डॅनॉस, आहे. मिल्कवीडच्या चिकातील कार्डेनोलाइड ही हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये सुरवंटाच्या शरीरात साठतात आणि पुढे प्रौढ फुलपाखरातही टिकतात. त्यामुळे बहुतेक पक्षी त्याला टाळतात. मात्र मेक्सिकोतील वसाहतींवर काळ्या डोक्याचा ग्रोसबीक आणि काळ्या पाठीचा ओरिओल हे दोन पक्षी थव्याने तुटून पडतात. ग्रोसबीकला हे विष बरेचसे सोसते, तर ओरिओल विष जास्त असलेले भाग टाळून आतला मऊ भाग तेवढा खातो.

उन्हाळ्यात जन्मलेली फुलपाखरे दोन ते सहा आठवडे जगतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, दिवस लहान होऊ लागल्यावर, जन्मणारी पिढी वेगळी असते. तिची प्रजननेंद्रिये पूर्ण वाढत नाहीत, ती वाटेत मध पिऊन शरीरात चरबी साठवते आणि सुमारे आठ महिने जगते. हीच पिढी दक्षिणेकडे निघते.

स्थलांतर : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेकडून निघालेली फुलपाखरे टेक्सास ओलांडून ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेक्सिकोच्या डोंगरांत पोहोचू लागतात. काहींचा प्रवास ४,००० किमी.पेक्षा जास्त होतो. फेब्रुवारीत ऊन वाढू लागते तशी मीलनाला सुरुवात होते आणि मार्चमध्ये परतीचा प्रवास सुरू होतो. उत्तर मेक्सिको आणि टेक्सासमधील कोवळ्या मिल्कवीडवर अंडी घालून ही पिढी संपते. त्यांची मुले, नातवंडे आणि पतवंडे टप्प्याटप्प्याने कॅनडापर्यंत सरकतात. म्हणजे शरद ऋतूत दक्षिणेला निघणाऱ्या एकाही फुलपाखराने तो डोंगर आधी पाहिलेला नसतो. वाट दाखवणारी आधीची पिढीही सोबत नसते.

यामागील दिशाज्ञान अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. मोनार्क सूर्याच्या स्थानावरून दिशा ठरवतात. सूर्य दिवसभर जागा बदलत असल्याने त्याला वेळेची जोड द्यावी लागते. ही वेळ राखणारी जैविक घड्याळे मेंदूप्रमाणेच स्पर्शिकांमध्येही असतात, आणि दिशा धरून उडण्यासाठी स्पर्शिकांमधील घड्याळे लागतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. ढगाळ दिवशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला जात असावा, असे २०१४ मधील प्रयोगांनी सुचवले. पण हजारो किमी.वरून नेमके तेच मोजके डोंगर कसे गाठले जातात, हा प्रश्न या दोन्ही उत्तरांनी सुटत नाही.

वनाचे कार्य : वसाहतीत फुलपाखरे ओयामेलच्या खोडांवर आणि फांद्यांवर एकमेकांना चिकटून बसतात. त्यांच्या भाराने फांद्या खाली झुकतात. एका हेक्टरवर सुमारे दोन कोटी फुलपाखरे असावीत असा अंदाज संशोधक करतात, मात्र वेगवेगळ्या पद्धतींनी आलेल्या आकड्यांत मोठी तफावत आहे. दाट वन त्यांना छत्री आणि पांघरूण या दोन्ही रूपांनी जपते, असे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. कोरडे फुलपाखरू उणे ७-८ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरू शकते. पंख भिजले तर उणे ४ अंशांच्या आसपासच गोठून मरते. झाडांचे छत्र सलग असेल तर पाऊस थेट अंगावर पडत नाही आणि जमिनीतील ऊब रात्री आकाशात निघून जात नाही. जाड खोडे रात्री भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहतात, त्याचाही उपयोग होतो. थंडी पूर्ण नाहीशी होणेही घातकच, कारण हवा तापली तर फुलपाखरे हालचाल करून साठवलेली चरबी संपवतात. म्हणून थोडी झाडे तोडून रान विरळ केले तरी वसाहतीला मोठा धोका पोहोचतो. जानेवारी २००२ मध्ये पावसापाठोपाठ आलेल्या कडाक्याच्या थंडीत एल रोसारिओ आणि सिएरा चिंकुआ येथील सुमारे तीन चतुर्थांश फुलपाखरे मेली.

शोध : कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड उर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांवर कागदी खुणपट्ट्या चिकटवून त्यांचा माग काढला. या कामात त्यांनी उत्तर अमेरिकेभर स्वयंसेवकांचे जाळे उभारले. त्यांच्यासाठी शोध घेणारे केन ब्रगर आणि मिचोआकानमध्ये जन्मलेल्या कातालिना आग्वादो यांना जानेवारी १९७५ मध्ये सेरो पेलोन डोंगरावर कोट्यवधी फुलपाखरे आढळली. पुढल्या वर्षी उर्कहार्ट स्वतः तेथे गेले तेव्हा त्यांना मिनेसोटा राज्यातील चास्का येथे खुणपट्टी लावलेले एक फुलपाखरू सापडले आणि दोन्ही टोकांचा संबंध सिद्ध झाला. ऑगस्ट १९७६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकातून ही वार्ता जगभर पसरली.

डोंगरातील शेतकरी आणि लाकूडतोडे यांना ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; ती कुठून येतात, हे मात्र त्यांना माहीत नव्हते. उत्तरेकडील शास्त्रज्ञांना ती कुठे जातात हे माहीत नव्हते. १९७५ चा शोध या दोन अपुऱ्या ज्ञानांची भेट होती. मिचोआकानमधील कोंतेपेक गावी वाढलेले कवी ओमेरो आरिद्जिस यांनी लहानपणी गावालगतच्या डोंगरावर मोनार्क पाहिले होते. पुढे संरक्षणाच्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला.

मृतांचा सण : मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृत आप्तांचे आत्मे घरी येतात, अशी श्रद्धा आहे. प्रचलित रीतीनुसार पहिला दिवस लहानपणी गेलेल्या मुलांचा आणि दुसरा प्रौढांचा. स्पॅनिश राजवटीपूर्वीच्या मृतपूजेच्या कल्पना आणि कॅथलिक पंथाचे सर्व संतांचे व सर्व मृतात्म्यांचे दिवस यांच्या मिलाफातून सणाचे आजचे रूप घडले. घरोघरी ‘ओफ्रेंदा’ नावाचा चौरंग मांडतात. त्यावर मृतांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाणी, मीठ, ‘पान दे मुएर्तो’ हा गोड पाव, फळे आणि मृताला आवडणारे पदार्थ ठेवतात. कोपाल या झाडाच्या राळेचा धूप जाळतात. कबरी धुऊन फुलांनी सजवतात. मिचोआकानमधील पात्सक्वारो सरोवराच्या परिसरात आणि त्यातील हानित्सिओ बेटावर पुरेपेचा जमातीचे लोक दफनभूमीत मेणबत्त्यांच्या उजेडात रात्र जागवतात.

सणाचे मुख्य फूल ‘सेंपासुचिल’, म्हणजे झेंडू. त्याच्या रंगाने आणि वासाने आत्म्यांना वाट सापडते असे मानतात. म्हणून अंगणापासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट काढतात. महाराष्ट्रात दसऱ्याच्या तोरणात अपरिहार्य झालेला झेंडू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतलाच. तो तेथूनच जगभर गेला.

मोनार्कच्या आश्रयस्थानांभोवती मासावा आणि ओतोमी जमातींची वस्ती आहे. सणाच्या सुमारास डोंगरावर उतरणारी फुलपाखरे म्हणजे परत आलेले पूर्वजच, अशी समजूत या भागात प्रचलित आहे. मृत आणि फुलपाखरू यांची सांगड मेक्सिकोत जुनी आहे. रणात मेलेले योद्धे चार वर्षे सूर्याची सोबत करून मग पक्षी व फुलपाखरे होऊन फुलांतला मध पिण्यासाठी पृथ्वीवर उतरतात, ही अ‍ॅझटेक कल्पना सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नोंदवून ठेवली आहे.

संरक्षण व ग्रामसमाज : १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने या फुलपाखरांच्या हिवाळी वास्तव्याला संरक्षण मिळाले. १९८६ मध्ये १६,११० हेक्टर क्षेत्र निश्चित झाले, तर २००० मध्ये ते सध्याच्या विस्ताराचे करण्यात आले. गाभा क्षेत्रात वृक्षतोडीला बंदी आहे. भोवतालच्या पट्ट्यात नियंत्रित वापर चालतो. जमीन बव्हंशी सरकारच्या मालकीची नाही. मेक्सिकन क्रांतीनंतरच्या भूवाटपातून निर्माण झालेल्या ‘एहिदो’ या सामाईक भूधारणेच्या संस्था आणि मूळ जमातींची गावे हेच येथले खरे जमीनमालक. तोडीचे हक्क गेल्याने त्यांच्या उत्पन्नावर थेट घाला आला आणि सुरुवातीला तीव्र असंतोष होता. पुढे स्थापन झालेल्या ‘फोन्दो मोनार्का’ या निधीतून वन राखणाऱ्या गावांना मोबदला मिळू लागला. प्रवेशशुल्क, वाटाडे, घोडे आणि खाणावळी यांतूनही उत्पन्न येते. पर्यटनाचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत असतो.

मोठ्या प्रमाणावरील बेकायदा वृक्षतोड पूर्वीपेक्षा घटली असली, तरी ती थांबलेली नाही. मिचोआकानमध्ये ॲव्होकॅडोच्या फायदेशीर बागांसाठीही वनजमिनीवर दबाव आहे. एल रोसारिओचे व्यवस्थापक आणि वृक्षतोडीचे विरोधक ओमेरो गोमेस गोन्सालेस जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाले व काही दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. या घटनेने वनरक्षकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जगापुढे आला.

संख्या व धोके : सुट्या फुलपाखरांची मोजणी अशक्य असल्याने दर हिवाळ्यात वसाहतींनी व्यापलेले वनक्षेत्र मोजतात. १९९६-९७ मध्ये ते १८.१९ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर या नीचांकावर आले. २०१८-१९ मध्ये ते ६.०५ हेक्टरपर्यंत सावरले. त्यानंतर २०२३-२४ मध्ये ०.९० आणि २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टरची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने स्थलांतरित मोनार्कला २०२२ मध्ये ‘संकटग्रस्त’ गटात टाकले आणि २०२३ मध्ये फेरआढाव्यानंतर ‘असुरक्षित’ गटात हलवले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने त्याला कायदेशीर संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला.

घटीची मुळे तिन्ही देशांत आहेत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तणनाशक सोसणारी सोयाबीन व मक्याची वाणे पसरली. पिकांवरही तणनाशक फवारता येऊ लागल्याने शेतांतील मिल्कवीड जवळजवळ नाहीसे झाले. काही संशोधकांच्या मते शरद ऋतूतील प्रवासात होणारी हानी आणि वाटेवरील मधुफुलांची टंचाई ही कारणेही तितकीच मोठी आहेत. कीटकनाशके, टेक्सासमधील अवर्षण आणि मेक्सिकोतील हिवाळी वादळे यांची त्यात भर पडते.

ओयामेलचे भवितव्यही अनिश्चित आहे. हवामान तापत गेल्यास या शतकाच्या अखेरीस राखीव क्षेत्रातील बहुतेक भूभाग या वृक्षाला प्रतिकूल होईल, असा मिचोआकान विद्यापीठातील कुआउतेमोक साएन्स-रोमेरो व सहकाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांनी ओयामेलची रोपे अधिक उंचीवर, नेवादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारांवर, झुडपांच्या सावलीत लावून पाहिली आहेत. ती रुजली आणि वाढली, तरी तेथे वसाहत धरण्याजोगे दाट वन तयार व्हायला अनेक दशके लागतील; आणि फुलपाखरे जुने डोंगर सोडून तिकडे वळतील की नाही, याची खात्री आज देता येत नाही. तोपर्यंत सध्याची राने राखणे आणि उत्तरेकडील शेतांच्या बांधांवर, रस्त्यांच्या कडेला व बागांमध्ये मिल्कवीड पुन्हा वाढवणे, या दोन्ही कामांवर हे स्थलांतर अवलंबून आहे.