चारित्र्याच्या दाखल्याची कुळकथा

दहावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या शाळांच्या खिडक्यांवर एलसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, रांगा लागतात. त्या दाखल्यावर अभ्यासातील प्रगतीशेजारी ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. त्यात बहुधा ‘चांगली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कुणी ते वाचतही नाही. ज्या घरातल्या मुलावर कधी केस झाली आहे, त्या घराला मात्र धास्ती असते: कॉलेजने विचारलं तर?

सरकारदरबारी माणसाचं चारित्र्य नोंदवण्याची आपली रीत ब्रिटिश अमलात पक्की झाली. तिचं सर्वांत क्रूर रूप म्हणजे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने जन्मालाच गुन्हा चिकटवला. पुढे मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी अशा जमातींना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, कितीएकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहावं लागलं. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती विमुक्त झाल्या. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही.

याच काळात दुसरा, माणुसकीचा प्रवाहही वाहत होता. १८५७मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४मध्ये मुंबईचा बालक कायदा आला. त्याच वाटेवरचा २०१५चा बाल न्याय कायदा मुलाला नवी सुरुवात करण्याचा हक्क देतो. प्रकरण प्रलंबित असो वा निकाली निघालेलं, चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही, असं त्याचं कलम ७४ सांगतं. दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता कलम २४ काढून टाकतं. सोळा वर्षांवरील मुलावर बाल न्यायालयात प्रौढासारखा खटला चालला, तर मात्र ही सवलत नाही. म्हणजे भिवंडीच्या निरीक्षणगृहातून परतलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कायद्याने जे झाकलं, तेच प्रवेश अर्ज उघडायला सांगणार असेल तर तो अन्याय आहे.

अमेरिकेत शेकडो कॉलेजांच्या सामाईक अर्जात अर्जदाराच्या गुन्ह्यांच्या पूर्वेतिहासाचा प्रश्न २००६मध्ये आला. सुरक्षिततेची काळजी खोटी नव्हती. पण न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाबद्दल २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गंभीर गुन्ह्याच्या चौकटीत ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांनी अर्ज अर्धवट सोडला. एकूण अर्जदारांत हे प्रमाण २१ टक्के होतं. कॉलेजने नाकारण्याआधी मुलंच मागे फिरली. विद्यापीठाने २०१६मध्ये हा प्रश्न काढायचं ठरवलं. २०१९पासून सामाईक अर्जातूनही तो गेला.

सज्ञान विद्यार्थ्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अभ्यासक्रमात लहान मुलांशी किंवा रुग्णांशी थेट संबंध येणार असेल, तर विचारावं. पण प्रवेश दिल्यानंतर, आणि त्याची बाजू ऐकून. नुसता गुन्हा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे.

प्राचार्यांनो, यंदाचे अर्ज छापण्याआधी एकदा वाचून काढा. असा प्रश्न त्यात असेल, तर तो खोडा.